चार वर्षांच्या पोराला घरी नि अंगणवाडीत शिकवायचं कसं

जून उजाडला की माझ्याकडं दोन-चार आया तरी दुरेघी वही घेऊन येतातच. म्हणणं एकच, शेजारणीचं पोरगं एलकेजीत जातंय, ते एबीसीडी सगळी लिहितंय, आमचं अजून पेन्सिल पण नीट धरत नाही, टीचर तुम्ही जरा लिहायला लावा की. मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अंगणवाडीत शिकवते, चौदा वर्षं झाली, नि पहिली तीन-चार वर्षं मी स्वतः हेच करत होते. टिंबं काढून द्यायची, त्यावरनं गिरवून घ्यायचं, पोरं गप्प बसली की मला वाटायचं वर्ग छान चाललाय. एक पोरगी होती, घरी दिवसभर बडबड करायची, माझ्याकडं आली की तोंड उघडायची नाही, नि दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली. तिच्या आईनं सांगितलं, "बोटं दुखतात म्हणते हो." ते मला फार लागलं. मग मी विचारत गेले, मिळेल ते वाचत गेले, लहान पोरं शिकतात कशी यावर जगात काय काय रिसर्च झालाय ते समजून घेत गेले, नि माझं शिकवणं हळूहळू बदललं. आता मी काय करते नि तुम्हाला घरी काय करता येईल ते इथं लिहिते. वय साधारण तीन ते सहा धरा.

सगळ्यात आधी बोलणं. अक्षर, आकडा, पेन्सिल सगळं नंतर. नि बोलणं म्हंजे आपण बोलायचं नि पोरानं ऐकायचं असं नाही, एकदा तू एकदा मी असं, चेंडू टाकल्यासारखं. दसऱ्यानंतर आमच्याकडं रताळी काढायचे दिवस असतात, सगळ्या बाया शेतात, पोरं बांधावर. मागच्या खेपेला मी एका घरी गेले तर माणसं अजून शेतातच, म्हणून तिकडं गेले, आई रताळी निवडत बसली होती, मोठी एकीकडं, बारकी एकीकडं, किडकी बाजूला, नि चार वर्षांची पोरगी शेजारी.

"आई, हे वाकडं हाय."
"व्हय गे, लई वाकडं हाय. कशासारखं दिसतंय सांग बघू?"
पोरगी जरा वेळ बघत बसली. आई पण काही बोलली नाही, हात चालूच.
"सापासारखं."
"सापासारखं वाकडं? मग त्याचं तोंड कुठाय?"
"हितं. ही मुळी हाय न्हवं, ती त्याची जीभ."

ही बाई सातवी शिकलेली. तिला कुणी ट्रेनिंग दिलेलं नाही, पण पुस्तकात जे सांगतात ते तिनं सगळं केलं. पोरगीनं काढलेलाच विषय धरला. पोरगी "सापासारखं" एवढंच म्हणाली तर तिनं ते "सापासारखं वाकडं" असं वाढवून परत दिलं. हो-नाहीत संपेल असं काही विचारलं नाही. नि थांबली. हे थांबणं सगळ्यात अवघड, आपल्याला राहवत नाही, आपणच उत्तर सांगून टाकतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या सुमारास वर्गांतली बोलणी टेप करून मोजली, तर टीचर प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं, नि तेच तीन सेकंद थांबल्या तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी पण बोलायला लागतात. मी मनातल्या मनात पाच आकडे मोजते. सुरवातीला ते फार लांब वाटतंय, पण करून बघा.

गोष्ट सांगताना पण असंच. 1988 साली व्हाइटहर्स्ट नि त्यांच्या सोबतच्यांनी न्यूयॉर्कजवळ दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबापांवर एक प्रयोग केला. दोन गट, दोन्हीकडं घरी पुस्तक वाचून दाखवायचेच, पण एका गटाला शिकवलं की नुसतं वाचू नका, मधे थांबून "काय चाललंय इथं?" विचारा, मूल बोललं की त्यात एक-दोन शब्द घालून परत बोला, परत त्याच्या तोंडनं येऊ द्या. एका महिन्यात ती मुलं बोलण्याच्या एका चाचणीत दुसऱ्या गटापेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढं गेली. पुस्तकं कुठनं आणायची म्हणाल तर आमच्या घरांत कुठं हायत पुस्तकं, मी जुनं कॅलेंडर वापरते, लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा, चहाचं पाकीट, देवाचा फोटो. नागपंचमीला भिंतीवर नाग काढलेला असतो त्याच्यापुढं बसून पण अर्धा तास गोष्ट होते. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तरी दहा वेळा सांगा, कंटाळू नका, चौथ्या-पाचव्या खेपेला पोरगं पुढचं स्वतः सांगायला लागतं नि तेव्हाच खरं कामाला सुरवात होते.

आणखी एक. 1995 मध्ये हार्ट आणि रिस्ली यांचा 42 कुटुंबांचा अभ्यास आला, त्यानंतर सगळीकडं पसरलं की गरीब घरातल्या पोरांच्या कानावर शब्दच कमी पडतात. त्यावर पुढं खूप वाद झाला, मला पण ते आवडलं नव्हतं, आमच्या घरांत बोलणं कमी म्हणणाऱ्यांनी एकदा विहिरीवर यावं. नंतर 2018 मध्ये रेचल रोमिओ नि सोबतच्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं, मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठं माणूस नि मूल आळीपाळीनं किती वेळा बोलले याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. घर श्रीमंत का गरीब यावर ते अवलंबून नव्हतं. म्हणून मी आयांना सांगते, वेगळा वेळ काढू नका, भाकरी थापताना, भांडी घासताना, गोठ्यात शेण काढताना बोला. बापांनी गाडीवर पुढं बसवून नेताना बोलावं.

मोबाईलचं इथंच सांगून टाकते. 2003 मध्ये पॅट्रिशिया कुल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, 12 बैठका. समोर बसून माणूस बोललं त्या बाळांना चिनी आवाजांतला फरक कळायला लागला. तेच माणूस, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं त्या बाळांना काहीच फरक पडला नाही. इंग्लिश यावं म्हणून दोन-दोन तास यूट्यूबवर गाणी लावून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या, पोरगं गाणं पाठ म्हणेल पण "तुला काय हवं" विचारलं तर त्या भाषेत बोलायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी असेल तर चांगलंच, असं सांगितलंय.

आता भाषा, म्हंजे आमच्या भागाचं खरं दुखणं. घरात मराठी, रस्त्यावर नि बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, नि शाळा इंग्लिश पाहिजे. खानापूरकडच्या काही घरांत कोकणी पण. आयांना भीती वाटते की पोराचा गोंधळ होईल, म्हणून मग घरात मराठी सोडून मोडकंतोडकं इंग्लिश सुरू करतात. मी कान देऊन ऐकलंय त्या इंग्लिशमध्ये काय असतं ते. कम हिअर, सिट डाऊन, ईट फास्ट, डोन्ट टच. सगळे हुकूम. ज्या भाषेत आपण स्वतः स्वप्न बघत नाही त्या भाषेत आपण पोराला फक्त हुकूम देतो, रताळ्याचा साप त्या भाषेत होत नाही. नि वर सांगितलं तसं आळीपाळीचं बोलणं बंद झालं की सगळंच बंद झालं.

जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलं की एका भाषेत घट्ट बसलेली समज दुसऱ्या भाषेत पण कामाला येते, गोष्टीत आधी काय नंतर काय, हे असं का झालं, हे पोराला मराठीत कळलं की कन्नड-इंग्लिशसाठी ते परत पहिल्यापासनं शिकावं लागत नाही, नुसते शब्द नवे लागतात. नि गोंधळाचं म्हणाल तर 1993 मध्ये मायामीत इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्ही ऐकत वाढणाऱ्या बारक्या मुलांचे शब्द मोजले होते, दोन्ही भाषांचे मिळून धरले तर ती एकभाषी मुलांच्या मागं नव्हती. आपल्याकडं पण असंच मोजा. पोरगं पाण्याला पाणी म्हणतंय पण मांजराला कन्नडमधलं बेक्कु म्हणतंय, तर त्याला दोन शब्द येतात, दोन चुका नाहीत. "बेक्कु नाही रे, मांजर म्हण" असं टोकू नका. "व्हय, बेक्कु आलं, मांजर आलं, दूध प्यायला आलं" एवढं म्हणा, दोन्ही शब्द कानावर पडले, नि पोराचं तोंड बंद झालं नाही.

घरात कोण कुठली भाषा बोलतं ते आपोआप ठरू द्या. आजी मराठीत, शेजारची अक्का कन्नडमध्ये, पोराला माणूस बघून भाषा बदलायला लवकर जमतं. अंगणवाडीत माझ्याकडं दोन्ही घरांतली पोरं असतात, तर मी एकच गोष्ट सोमवारी मराठीत सांगते, गुरुवारी आमची मदतनीस कन्नडमध्ये सांगते, चित्रं तीच. आमच्यात मराठी पोरं कन्नड गोष्टीला पण खदखदून हसतात, कारण पुढं काय होणार ते ठाऊक असतंय. मराठी शाळेत गेलं तरी पुढं कन्नड शिकायचंच आहे, मग ते भीतीनं शिकण्यापेक्षा चिमणी-कावळ्यातनं शिकलं तर काय वाईट.

पण एक गोष्ट भाषेवर ढकलू नका. दोन वर्षं पूर्ण झाली तरी कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, तर "दोन भाषा हायत म्हणून उशीर" असं म्हणत बसू नका, कान तपासून घ्या. 2013 पासनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची टीम तपासणीला अंगणवाडीत येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

आकड्यांकडं येते. शंभरपर्यंत म्हणून दाखवतंय याचं घरच्यांना फार कौतुक असतं, असू दे. पण त्याच पोरापुढं मूठभर चिंचोके ठेवा नि म्हणा, मला चार दे. बरीच पोरं मूठ भरून देतात. कॅरन विन या बाईंनी 1990 च्या सुमारास हेच करून बघितलं होतं, मुलं आधी एकचा अर्थ शिकतात, कितीतरी महिन्यांनी दोनचा, मग तीनचा, नि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एकदम कळतं की मोजताना शेवटी जो आकडा येतो तेवढ्या वस्तू. म्हणून घोकणं कमी करा, "दे" म्हणा. तीन मिरच्या दे, दोन वाट्या आण, बाबांना चार भाकऱ्या वाढ.

नि एक खेळ करा, हा माझा सगळ्यात आवडता. जमिनीवर कोळशानं एका ओळीत दहा चौकोन ओढायचे, डावीकडनं उजवीकडं, प्रत्येकात आकडा लिहायचा, एक ते दहा. फासा म्हणून एक चिंचोका घ्या, दगडावर घासून एका बाजूनं पांढरा करा. पांढरी बाजू वर आली तर एक घर, काळी आली तर दोन घरं. ज्यांच्या घरी चौकाबारा खेळतात त्यांना सांगायला नको. आता महत्त्वाचं काय, पोराची सोंगटी पाचवर आहे नि दोन पडले तर त्यानं सरकवताना "एक, दोन" म्हणायचं नाही, "सहा, सात" म्हणायचं. सुरवातीला चुकतं, आपण बोट धरून आपणच म्हणायचं. सिग्लर आणि रमाणी यांनी 2008 मध्ये अमेरिकेत गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना असाच आकड्यांच्या पट्टीचा खेळ दिला, दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, एवढ्यात मुलांची आकड्यांची समज सुधारली. दुसऱ्या गटाला तीच पट्टी पण आकड्यांऐवजी रंग, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. नि सहा-सात म्हणत पुढं मोजण्याचंच महत्त्व आहे हे सिग्लर नि लास्की यांनी 2014 मध्ये वेगळं तपासून दाखवलं.

आपल्या देशातलंच उदाहरण सांगते. दिल्लीत 214 बालवाड्यांत 'प्रथम' नावाच्या संस्थेबरोबर डिलन, डुफ्लो, स्पेल्के वगैरे संशोधकांनी गणिताचे खेळ करून बघितले, 2017 मध्ये त्याचा निकाल आला. कुठले ठिपके जास्त, कुठला आकार वेगळा असे खेळ, मुलांना मजा आली, अंदाज सुधारला, तो वर्षभरानं पण टिकला. पण शाळेच्या गणितात फायदा दिसला नाही. मी हे वाचून फार विचार केला, कारण मी पण नुसते खडे-चिंचोके खेळवत होते नि आकडा लिहून दाखवायचा राहून जात होता. खेळ पाहिजेच, पण खेळाच्या शेजारी आकड्याचं नाव नि आकड्याचं चिन्ह दोन्ही पाहिजेत. तेव्हापासनं माझ्या चौकोनात आकडा लिहिल्याशिवाय खेळ सुरू होत नाही.

आणि कन्नडची मदत घ्या. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो नि वीस मागनं, लिहिताना मात्र दोन आधी, पोरं 21 चे 12 करतात ते उगाच नाही. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, वीस आधी, एक मागनं, लिहितो तसंच. आमच्या एका पोराची आजी बेळगावात भाजी विकायला जायची, तिचा सगळा हिशोब कन्नडमध्ये, नातू तिच्यापाशी बसून कन्नडमध्ये मोजायला शिकला नि त्याला दशक-एकक बाकीच्यांच्या आधी कळलं.

आता ज्यासाठी आया वही घेऊन येतात ते लिहिणं. अक्षर डोळ्यांच्या आधी कानानं शिकायचं. टाळ्या वाजवा, भा-क-री तीन टाळ्या, दूध म्हणताना दू-ध दोन. "क नं सुरू होणारं घरात काय काय हाय?" कप, कडी, कणीक, कांदा. मग शेवटच्या आवाजावर या, माळ, जाळ, बाळ. 1983 मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी दाखवलं होतं की चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांचा कान असा तयार असतो ती मुलं पुढं वाचायला लवकर शिकतात. नि आपली लिपी इंग्लिशसारखी सव्वीस अक्षरांत संपत नाही. सोनाली नाग यांनी कर्नाटकातल्याच मुलांचा कन्नड वाचनाचा अभ्यास करून 2007 मध्ये लिहिलं, अक्षरांचा सगळा संच हातात यायला प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं लागतात, कारण मूळ अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर मिळून शेकडो चिन्हं होतात. मराठीची गत तीच. मग साडेचार वर्षांच्या पोराला बाराखडी आली नाही म्हणून मारायचं कशाला? एकदा क चा का-कि-की कसा होतो हे कळलं की तीच युक्ती कन्नड अक्षरांना पण लागू पडते, क ख ग घ हा क्रम दोन्हीकडं एकच आहे.

हात तयार करायला चिखल द्या. खानापूरला कुंभारांची चांगली माती मिळते, नाहीतर कणकेचा गोळा. शेंगा सोलणं, मटार सोलणं, फुलं ओवणं, रांगोळीची चिमूट, हे सगळं पेन्सिलीच्या आधीचं लिहिणंच आहे. अक्षर काढायला लावाल तेव्हा ताटात रांगोळी किंवा राख पसरा नि बघून स्वतः काढू द्या, वाकडं येऊ दे. 2012 मध्ये करिन जेम्स आणि एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर बघितलं, एकदा अक्षर हातानं स्वतः काढलं, एकदा टिंबांवरनं गिरवलं, एकदा टाईप केलं, नंतर ते अक्षर दाखवल्यावर मेंदूतला वाचनाचा भाग जागा झाला तो स्वतः हातानं काढलेल्या अक्षराला. हे कळलं त्या दिवशी मला ती बोटं दुखणारी पोरगी आठवली.

नावातलं पहिलं अक्षर आधी. मग बसस्टँड. बेळगावच्या स्टँडवर महाराष्ट्राची लाल गाडी येते तिच्यावर मराठी पाटी, आपल्या इकडच्या गाडीवर कन्नड, पोराला उचलून धरा नि विचारा, आपली गाडी कुठली, कशावरनं ओळखलीस. शाळेनं एलकेजीत लिहून आणायला सांगितलंच तर दहा मिनिटं करून घ्या, रडत असेल तर वही मिटा नि टीचरशी जाऊन बोला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, नि त्यात खेळत शिकणं नि घरची भाषा यावर भर आहे, हे तुम्ही सांगू शकता.

माझ्यासारख्या बायांना पण दोन शब्द. अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडकांच्या कामातनं आला, बोर्डीला आदिवासी पोरं बालवाडीत येईनात म्हणून त्या नि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आज कन्नडमध्ये पण तोच शब्द चालतो. पण आपला वेळ रजिस्टर, वजन, आहार, मोबाईलमधली माहिती यातच जातो. तमिळनाडूत 320 अंगणवाड्यांवर एक अभ्यास झाला, काही ठिकाणी शिकवायला म्हणून अर्ध्या दिवसाची एक जादा बाई दिली, शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात पोरं भाषेत नि गणितात पुढं गेली, कुपोषण पण कमी झालं. ती जादा बाई आपल्याला मिळेपर्यंत मी एवढं करते, सकाळचा पहिला पाऊण तास कुठलंच रजिस्टर उघडत नाही, पोरांबरोबर खाली बसते. नि शनिवारी दोन घरी जाते. अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलच्या प्रयोगात, 1962 पासनंचा, टीचर दर आठवड्याला दीड तास प्रत्येकाच्या घरी जायची, त्या मुलांचा चाळीस वर्षांचे होईपर्यंत मागोवा घेतला तर त्या बालवाडीत न गेलेल्या मुलांपेक्षा त्यांना कामधंदे जास्त मिळालेले नि पोलिसांकडनं अटक कमी वेळा झालेली. मला दीड तास जमत नाही, वीस मिनिटं जाते. जाताना चिंचोके नि कोळसा पिशवीत असायचा, उंबऱ्यापाशी पट्टी ओढून देते. कोळसा पावसात पुसतो, म्हणून आता गेरू नेते, नि बहुतेक घरांत पुढच्या खेपेला दहाच्या पुढं पोरांनीच कोळशानं आणखी चौकोन वाढवलेले असतात, त्यातले आकडे उलटेसुलटे, पण अकरा, बारा, तेरापर्यंत गेलेले.